सहावा ट्रॅक

स्पीकरची पेटी व्हॅनमधून उतरवताना लाइल सूझाचं बोट दारात चेमटलं. त्याने हासडलेली शिवी गॅरेजच्या आत पोचली असावी, कारण आतून ऑगी ओरडला, "आला बघा आपला माणूस!"

आला खरा, पण हात लावायला कोणी बाहेर आलं नाही. पेटी चांगली चाळीस किलोची. ती पोटाशी धरून, कोंबड्यांच्या जाळीला वळसा घालून, वाळक्या गवतातून लाइल एकटाच धापा टाकत गॅरेजपर्यंत गेला. ऑगस्टमधली दुपार होती. सॅक्रामेंटोच्या बाहेर या दिवसांत गवतसुद्धा पायाखाली कुरकुर वाजतं. मोडेस्टोपासून तो एका टोमॅटोच्या ट्रकमागे अडकला होता आणि व्हॅनच्या काचेवर लाल ओघळ वाळले होते.

त्याच्या बँडच्या टीगचा फोन सकाळी आला होता. "ऑगीची बेसची पेटी फुटली रे. तुझी आणतोस?" एवढंच. तू ये, वाजव, असं काही नाही. पेटी हवी होती आणि पेटीला पाय नसतात, म्हणून लाइल हवा होता. तरीही निघताना त्याने आपली बेस गिटार व्हॅनमध्ये टाकली होती, मागच्या सीटखाली, ब्लँकेटने झाकून. कोणी मागितली नव्हती ती. कोणाला दिसली असती तर तो लाजेने मेला असता.

व्हिनेगर सेंट्स हा बँड म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर तिघं येतात. गिटार छातीशी धरून किंचाळणारा टीग हॅलरन, मागे ड्रम्सवर पॅक्स, आणि डावीकडे, दिव्यांच्या जरा बाहेर, लाइल. अकरा वर्षं हे तिघं एकाच व्हॅनमध्ये घाम गाळत होते. पण टीगचे संसार दोन. रेकॉर्ड करायची वेळ आली की तो या दोघांना घरी सोडायचा आणि ऑगीच्या गॅरेजमध्ये येऊन बसायचा. ऑगी टेपचं मशीन चालवायचा, आणि टीग नि नोरीन ताकेदा मिळून सगळी वाद्यं वाजवायचे. ड्रम्ससुद्धा. सहा रेकॉर्ड अशा झाल्या. रेकॉर्ड छापून आली की लाइल आणि पॅक्स ती ऐकून पाठ करायचे आणि मग तिघं दौऱ्यावर निघायचे.

म्हणजे एका बाईने स्टुलावर बसून वाजवलेलं लाइल अकरा वर्षं उभ्याने वाजवत होता. कार्यक्रम संपला की पोरं घोळका करून यायची. तिसऱ्या रेकॉर्डवरचा तुमचा बेस म्हणजे काय सांगू, म्हणायची. लाइल थँक यू म्हणायचा. दुसरं काय म्हणणार? रेकॉर्डच्या मागच्या बाजूला त्याचं नाव असायचं ते आभारांत, आणि मागच्या खेपेला तर ऑगीच्या कोंबड्यांच्या नावांनंतर.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. 'कालवा' हे गाणं गॅरेजमध्ये जन्मलंच नव्हतं. वसंतातल्या दौऱ्यात टीग दोनच सूर धरून घोळवत बसायचा. एका गावी लाइलच्या पायात वायर अडकली, ती सोडवण्यात त्याचा प्रवेश चुकला आणि तो अर्धा ठोका उशिरा आत आला. उशिरा आला तो तसाच वाजवत राहिला, आणि समोरचे लोक डुलायला लागले. पुढच्या गावी टीग म्हणाला, "लाइल्या, ते कालचं उशिराचं पुन्हा कर." दोन महिन्यांत त्या उशिरातून अख्खं गाणं उभं राहिलं. लाइलने मनाशी पक्कं धरलं होतं की हे गाणं तरी आपल्याला सोडून होणार नाही.

आणि आता टीग गॅरेजच्या जमिनीवर अनवाणी बसून वायरी गुंडाळत त्याला म्हणत होता, "पेटी तिथे ठेव. ये, ऐक. 'कालवा' जवळजवळ झालंय."

लाइलने पेटी ठेवली. जवळजवळ झालंय. घाम पुसायच्या निमित्ताने त्याने शर्टाच्या बाहीत तोंड खुपसलं आणि ते ठीकठाक होईपर्यंत बाहेर काढलं नाही.

नोरीन तिच्या नेहमीच्या स्टुलावर होती. अठ्ठावन्न वर्षांची, बुटकी, चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला. आयुष्यभर तिने पोस्टात टपाल वाटलं होतं आणि पोटऱ्या अजून दगडासारख्या होत्या. ऑगीच्या शेजारचंच घर तिचं. तिची बेस गिटार मांडीवर नव्हती, भिंतीला टेकवलेली होती, पण तारा नुकत्याच पुसल्यासारख्या चकाकत होत्या. लाइलच्या नजरेतून असली गोष्ट सुटत नसे.

"बोटाला काय झालं रे?" तिने विचारलं.

"काही नाही."

"बर्फ देऊ?"

"काही नाही म्हटलं ना."

ऑगीने टेप लावली. मोठा, ढेरपोट्या माणूस, पण टेप ओवताना त्याची बोटं सुईत दोरा घालावा तशी चालायची. आठ ट्रॅकचं जुनं मशीन, एकेका वाद्याला टेपवर वेगळी पट्टी. टेबलाच्या कडेला पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर एक ते आठ आकडे आणि आकड्यांखाली ऑगीचं कोंबडीच्या पायाचं अक्षर. एक आणि दोनखाली लिहिलं होतं, ड्रम्स, पॅक्स. तीनपासून पाचपर्यंत टीगच्या गिटारी. सहाखाली बेस. सातखाली नोरीनचा ऑर्गन. आठ रिकामा.

लाइलने पॅक्सचं नाव दोनदा वाचलं.

"पॅक्स आलेला?"

"पॅक्स?" टीगने ऑगीकडे बघितलं आणि दोघंही गालात हसले. "पॅक्स आहे ना. ऐक तर."

म्हणजे पॅक्सला बोलावलं. पॅक्सने फोनवरसुद्धा सांगितलं नाही. परवाच तर दोघं तासभर बोलले होते, त्याच्या गुडघ्याबद्दल आणि बायकोच्या नव्या गाडीबद्दल.

गाणं सुरू झालं. दौऱ्यात वाजायचं त्यापेक्षा ते सावकाश होतं, जड होतं, पाण्याखालून चालल्यासारखं. आणि बेस! बेस अर्धा ठोका उशिरा आला. अगदी त्याच जागी. पण लाइल उशिरा यायचा तो धडपडत, लाज झाकत. हा बेस उशिरा येत होता तो घरचा मालक दारात येतो तसा. कोणालाही न विचारता. दुसऱ्या कडव्यात तो एक सूर खाली घसरला आणि तिथेच थांबून राहिला, अशा ठिकाणी की लाइलच्या मानेवरचे केस उभे राहिले. आपण आयुष्यात असं वाजवलं नाही, हे त्याला तत्काळ कळलं. आपली चूक घेतली, धुतली, इस्त्री केली आणि स्वतःच्या अंगावर घातली या बाईने. आणि तिला शोभूनही दिसली.

गाणं संपलं. टीग त्याच्याकडे टक लावून बघत होता.

"बेस कसा वाटला?"

"छान."

"छान? नुसतं छान?"

"छान आहे म्हणतोय ना. अजून काय, नाचू?"

टीग ऑगीकडे वळून खदखदून हसला. नोरीन हसली नाही. ती म्हणाली, "टीग, सांगून टाक ना आत्ताच."

"छे. जेवताना. गंमत जेवताना सांगायची असते."

गंमत काय असणार हे लाइलला दिसतच होतं. नोरीन यंदा निवृत्त झाली होती. आता तिला टपाल वाटायचं नव्हतं, दौऱ्यावर यायला मोकळी होती. पॅक्स तिच्याबरोबर वाजवून गेला, म्हणजे तालीमसुद्धा झाली. उरली होती ती पेटी, तीही आपण स्वतः उचलून आणून दिली. गाढव, लाइल स्वतःला म्हणाला, शुद्ध गाढव.

"आलाच आहेस तर एक काम कर," टीग पायांत चपला सरकवत म्हणाला. "शेवटच्या कडव्याला खंजिरी हवी. आठवा ट्रॅक रिकामा आहे. आम्ही येईपर्यंत वाजवून ठेव. जेवणाचा टाको ट्रक दोनपर्यंतच थांबतो."

"खंजिरी."

"हो. लाव की हात. तुझाही हात लागू दे."

ऑगीने त्याला मशीनपाशी नेऊन दाखवलं. ज्या ट्रॅकवर वाजवायचं त्याचं लाल बटण दाबायचं, मग हे मोठं बटण. बाकी कशाला हात लावायचा नाही. "लाल दिवा लागला की त्या ट्रॅकवर आधीचं जे असेल ते गेलं म्हणून समज. कॉपी नाहीये." कॉपी का नाही हे लाइलला माहीत होतं. मागच्या खेपेला अर्धवट गाणं कुणीतरी इंटरनेटवर टाकलं होतं. तेव्हापासून पूर्ण झाल्याशिवाय कॉपी काढायची नाही, असा टीगचा फतवा होता.

ऑगीची गाडी खडीवरून गेली. नोरीन कोंबड्यांना पाणी द्यायला उठली. दारात थांबून तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग नुसतीच म्हणाली, "पीच कापते. खाशील ना?"

"नको."

ती गेली.

लाइलने खंजिरी उचलली. शाळेत बेसुऱ्या पोरांच्या हातात देतात तसली, लाल प्लास्टिकची. अकरा वर्षांनी या गॅरेजमध्ये त्याला वाजवायला मिळालं ते हे. त्याने ती एकदा हलवली आणि त्या छनछनाटाची त्याला इतकी किळस आली की ती खुर्चीवर टाकून तो मशीनसमोर येऊन बसला.

टेप मागे नेली. हेडफोन लावले. आठच्या लाल बटणावर बोट ठेवलं, आणि मग ते बोट दोन घरं डावीकडे गेलं.

खोटं कशाला सांगा, त्याने विचार केलाच नाही असं नाही. केला. हे पुसलं तर टीग चिडेल, नोरीनला पुन्हा वाजवावं लागेल, आणि असं दुसऱ्यांदा कुणालाच जमत नाही हे कुठल्याही वाजवणाऱ्याला ठाऊक असतं. कदाचित टीग म्हणेल, लाइल्या, तू इथेच आहेस तर बघ ना प्रयत्न करून. व्हॅनमध्ये सीटखाली गिटार होतीच. आणि नाही म्हणाला तरी हा बेस जगात राहणार नाही. मुलं घोळका करून याच्याबद्दल विचारणार नाहीत, थँक यू म्हणावं लागणार नाही.

त्याने सहाचं बटण दाबलं. मग मोठं बटण.

लाल दिवा लागला. टेप फिरत राहिली. ड्रम्स होते, गिटारी होत्या, ऑर्गन होता, आणि मध्ये बेसच्या जागी काहीच नव्हतं. सहाव्या ट्रॅकचा आवाज दाखवणारा काटा डावीकडे पडून राहिला होता. पहिलं कडवं गेलं. लाइलला बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर फार बरं वाटलं, बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं इतकं. दुसऱ्या कडव्यात ती घसरायची जागा आली आणि रिकामी निघून गेली, तेव्हा त्याचा हात आपोआप थांबवायच्या बटणाकडे गेला. पण आता थांबवून काय होणार होतं? अर्धं पुसलेलं जास्त वाईट दिसलं असतं. तो शेवटपर्यंत तसाच बसला. गाणं संपलं तेव्हा त्याच्या चेमटलेल्या बोटाला ठणका लागला होता.

नोरीन ताटलीत पीचच्या फोडी घेऊन आली तेव्हा तो खुर्चीत होता आणि खंजिरी त्याच्या मांडीवर होती.

"झालं वाजवून?"

"होईल."

तिने ताटली टेबलावर ठेवली, हात जीन्सला पुसले आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "हे बघ, टीग जेवताना सांगणार म्हणतोय, पण जेवताना तो दुसरंच काहीतरी बोलत बसेल आणि ख्रिसमस उजाडेल. माझ्याने राहवत नाही. तू खरंच ओळखलं नाहीस?"

"काय ओळखायचं?"

"अरे, तो बेस तुझा आहे."

लाइलने तिच्याकडे बघितलं.

"चिकोचा कार्यक्रम, मे महिन्यातला. ऑगीने स्टेजच्या कडेला मशीन लावलं होतं, आठवतंय? तुम्हाला सांगितलं ड्रम्सचा आवाज तपासतोय म्हणून. पॅक्स आणि तू, दोघंही तिथलेच. ऑगीने ती टेप सावकाश फिरवून इथे उतरवली, अर्धा सूर खाली. म्हणून सगळं जड वाटतं. पहिल्यांदा आम्ही तिघांनी ऐकलं तेव्हा ऑगी रडला, माहितीय? ऑगी!" ती हसली. "थांब, आता नुसता बेस ऐकवते. मग ओळखशील."

"नोरीन, नको."

"नको काय, ऐक."

तिने टेप मागे नेली, बाकीचे ट्रॅक खाली ओढले, सहाचा तेवढा वर ठेवला आणि सुरू केलं. स्पीकरमधून बारीक खरखर आली. ती वाट बघत राहिली. मग तिने आवाज वाढवला. खरखर मोठी झाली. काटा पडलेलाच होता. बाहेर एक कोंबडी ओरडत होती ती दोघांनाही ऐकू येत होती.

नोरीनने टेप थांबवली. गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि लाल बटणांच्या ओळीकडे वाकून बघितलं. सहाचं बटण अजून दाबलेलंच होतं. आठचं नव्हतं.

"आठाच्या ऐवजी सहा दाबलंस," ती म्हणाली.

तिने सुटकेचं दार उघडून धरलं होतं. त्यातून बाहेर पडायला एकच शब्द पुरे होता आणि तो त्याने उच्चारला.

"हो."

"होतं असं," नोरीन म्हणाली. "ऑगीने स्वतः दोनदा केलंय."

"चिकोची टेप असेल ना? मूळची?"

"तिच्यावर आता लोडायच्या चर्चमधल्या बायका गातायत. ऑगी नवी टेप विकत घेईल तर शपथ." तिने घड्याळाकडे बघितलं. "वीस मिनिटं आहेत. टाकोच्या रांगेत टीग गप्पा मारत बसला तर अर्धा तास. तुझी गिटार कुठाय?"

त्याने दाराबाहेर, व्हॅनकडे बघितलं.

"व्हॅनमध्ये असेलच. जा, आण."

तो गेला. सीटखालून गिटार ओढताना ब्लँकेट खाली धुळीत पडलं आणि त्याने ते उचललं नाही. माझा होता, तो स्वतःशी म्हणत होता. तो माझा होता. मानेवरचे केस ज्याने उभे राहिले तो मी होतो, आणि मी त्याचा इतका हेवा केला की त्याला मारून टाकलं. उन्हात उभ्या उभ्या त्याला हसू आलं आणि ते भलत्याच वाटेने डोळ्यांतून बाहेर पडायला लागलं. तो गॅरेजच्या भिंतीआड थांबला, तोंडावरून हात फिरवला आणि आत गेला.

नोरीनने त्याची पेटी जोडून ठेवली होती. गिटार अर्धा सूर खाली लावून घेतली, तीही तिनेच, कान तारांना लावून. लाइल स्टुलावर बसला. टेप फिरली. तो उशिरा आला, पण फार उशिरा आला. दुसऱ्यांदा वेळेवर आला, तेही चुकीचंच. तिसऱ्यांदा जागा सापडली आणि तो पुढचा सूर विसरला. दौऱ्यात हात आपोआप जायचे. आता एकेका सुराला तो परवानगी मागत होता.

"मला येत नाहीये," तो म्हणाला. "आपलंच वाजवलेलं मला येत नाहीये, नोरीन."

"पहिल्या कडव्यात तू चौथ्या सुराला बोट पूर्ण उचलत नाहीस," ती म्हणाली. "आळशासारखं ठेवतोस. म्हणून पुढचा सूर घाणेरडा येतो. तो तसाच हवा."

"तुला काय माहीत?"

"दुसऱ्या कडव्यात घसरतोस ना, तेव्हा तिथे पावणेतीन ठोके थांबतोस. तीन नाही. मी मोजलेत." तिने भिंतीला टेकवलेली आपली गिटार घेतली, वायर न लावताच, आणि वाजवून दाखवलं. बारीक, लाकडी आवाज आला, पण त्यात सगळं होतं. चौथा सूर, घाण, घसरणं, पावणेतीन ठोके. लाइल बघतच राहिला. या बाईला त्याचं वाजवणं त्याच्यापेक्षा पाठ होतं.

"मग तूच वाजव," तो म्हणाला आणि मनापासून म्हणाला. "काय फरक पडतो? हुबेहूब तेच आहे."

"वाजवलं. तीन दिवस वाजवलं." तिने गिटार परत भिंतीला टेकवली. "टीगला आधी तुझा बेस नकोच होता, स्टेजचा आवाज फार मळका आहे म्हणून. म्हणाला, नोरीन, तू स्वच्छ करून दे. मी सात नंबरच्या ट्रॅकवर वाजवायचे, ऑर्गन तिथे नंतर आला, मग तो दोन्ही ऐकायचा, सहा आणि सात. तीन दिवस. शेवटी म्हणाला, तुझं बरोबर आहे पण जाऊ दे. लाइलचं ठेवू या." तिने पीचची ताटली जवळ ओढली. "सहा रेकॉर्ड मी केल्या रे या माणसाबरोबर. 'जाऊ दे' कधी ऐकलं नव्हतं."

"मला वाटायचं तुला..." लाइल म्हणाला.

"मला काय? मला लोकांसमोर उभं राहता येत नाही. सॅन होजेला एकदा प्रयत्न केला होता, तिसऱ्या गाण्याला बाहेर जाऊन ओकले. तुम्ही दौऱ्यावर गेलात की मी इथे फोनवर ते व्हिडिओ बघत बसते, कुणीतरी गर्दीतून काढलेले. तुझं डोकं दिसतं नुसतं. तेही अर्धं." तिने एक फोड तोंडात टाकली. "तू बसून काय वाजवतोयस? ऊठ. तू कधी बसून वाजवलंयस का जन्मात?"

तो उठला. पट्टा खांद्यावर घेतला. गिटार मांडीवरून सुटून कमरेखाली, नेहमीच्या जागी लोंबली आणि हातांना एकदम जरा ओळख पटल्यासारखं झालं. नोरीनने टेप मागे नेली. या वेळी पहिलं कडवं निघालं. चौथ्या सुराला बोट आळशासारखं राहिलं. दुसऱ्या कडव्यात तो घाईने घसरला आणि तिने हात वर करून टेप थांबवली.

"बरं होतं," ती म्हणाली. "आता एकदा खरंच घेऊ या. दिवा लावते."

बाहेर, दूर रस्त्याच्या वळणावर, ऑगीच्या गाडीचा फाटका आवाज आला. नोरीनने मोठ्या बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही.

"तुला एक सांगू? तिसऱ्या दिवशी हे दोघं असेच जेवायला गेले होते. मी इथे एकटी. टीगचं ते 'जाऊ दे' कानात घोळत होतं. मी सहाचं लाल बटण दाबलं होतं. टेपसुद्धा सुरुवातीला नेऊन ठेवली होती."

लाइलचा हात तारांवर होता. तो त्याने हलवला नाही.

"मग?"

"मग बंद केलं."

गाडी फाटकातून आत वळली. खडी वाजायला लागली. कोंबड्यांनी एकच गलका केला.

"मी नाही केलं बंद," लाइल म्हणाला.

नोरीनने त्याच्याकडे वळून बघितलं नाही. ती सहाच्या काट्याकडेच बघत होती. तिचे खांदे जरासे खाली आले, बराच वेळ धरून ठेवलेलं ओझं खाली ठेवावं तसे.

"टीगला तू सांगणार की मी सांगू?"

"मी."

"खाणं झाल्यावर सांग," ती म्हणाली. "उपाशी असला की तो फार ओरडतो."

अंगणात गाडीची दारं आपटली. टीग कसलंतरी गाणं मोठमोठ्याने म्हणत येत होता. नोरीनने डावा हात मागे, दाराच्या दिशेने उभा धरला, जो कोणी येईल त्याने जागच्या जागी थांबावं म्हणून, आणि उजव्या हाताने दिवा लावून ती चार मोजायला लागली.